दुधाच्या दातांची कीड घरच्या उपायांनी बरी होईल का?

नागपूरच्या एका आईचं पत्र आलं आहे. लेक चार वर्षांची. वरचे समोरचे चार दात हिरडीजवळ तपकिरी झालेत, खालच्या दोन दाढांना खड्डे पडलेत आणि त्यातली उजवी दाढ गेल्या पंधरवड्यापासून रात्री ठणकते. दातांच्या डॉक्टरांनी दोन्ही दाढांचं रूट कॅनाल, वर कॅप आणि बाकीच्या दातांत सिमेंट भरायला सांगितलं. मुलगी तोंडच उघडेना, तेव्हा पूर्ण भूल देऊन सगळं एकाच वेळी करू, असंही सुचवलं. सासूबाई म्हणतात, "दुधाचेच तं दात हायेत, पडतीनच ना. काहून एवढा जीव खालीवर करतेस?" नवऱ्याला खर्च अवाजवी वाटतो. मैत्रिणीने नैसर्गिक पालकत्वाच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलं. तिथे वाचून या ताईंनी फ्लोराइडची पेस्ट बंद केली, साखरेऐवजी मध आणि खजूर सुरू केले, पोळी आणि डाळीतल्या फायटिक अॅसिडने दात पोखरतात म्हणून तीही कमी केली. सकाळी खोबरेल तेलाची चूळ, दाढ दुखली की लवंगेचं तेल. त्यांचं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, गावात फ्लोराइडच्या पाण्याने डागाळलेले दात त्यांनी लहानपणापासून पाहिलेत. त्यांचा प्रश्न असा, की सहा महिने असा समग्र उपचार करून पाहू का? आणि शेवटी एक ओळ आहे: "तीन वर्षांची होईपर्यंत रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली देत होते. म्हणजे हे मीच केलं का?"

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण ती मनात सलत असेल तर पुढचं काही नीट ऐकू येणार नाही.

रात्रीच्या बाटलीचा यात वाटा आहे, ते मी झाकणार नाही. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणं मंदावतं आणि गोड दूध वरच्या समोरच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या समोरच्या दातांवर जीभ येते, म्हणून ते बहुतेक वाचतात. तुमच्या लेकीच्या दातांचं वर्णन नेमकं असंच आहे. पण बाटली देणाऱ्या बाईला हे कोणी सांगितलं होतं? बाळाची वजनं झाली, लसी झाल्या, दात मोजून झाले, आणि वरचा ओठ उचलून हिरडीजवळ कोणी पाहिलं नाही. झोप न लागणाऱ्या लेकराला झोपवण्यासाठी जे हाताशी होतं ते तुम्ही दिलंत. हे कारण कळलं की उपाय सुचतो, तेवढाच त्याचा उपयोग करा. बाटली सुटली आहे, म्हणजे एक मोठं काम झालेलंच आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही तो नैसर्गिक की डॉक्टरी, असा मांडला आहे. मला वाटतं, त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: कीड किती खोल गेली आहे? सगळं त्यावर ठरतं, आणि हे प्रत्येक दाताचं वेगळं असतं.

दात किडतो म्हणजे त्याला खरोखरचा किडा लागत नाही. तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. दाताजवळची आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली, पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५च्या खाली उतरला, की दाताच्या कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ येते, आम्ल धुऊन नेते आणि तेच क्षार परत दातात बसवते. ही देवघेव आपल्या सगळ्यांच्या तोंडात दिवसभर चाललेली असते. दात स्वतःला दुरुस्त करतो असं तुमच्या ग्रुपवर सांगतात, त्यातला हा भाग खरा आहे. कीड पहिल्या पायरीवर असते तेव्हा हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते. ती रेघ घरच्या काळजीने खरंच मागे जाऊ शकते.

पण कवच फुटून खड्डा पडला, की तो भरून काढेल असं अन्न, तेल किंवा चूर्ण नाही. तिथे घरच्या काळजीने फार तर कीड थांबते. मऊ तपकिरी भाग कडक, काळसर, चकचकीत होतो. तेही काही कमी नाही. आणि कीड आतल्या नसेपर्यंत पोचली, दाढ आपणहून रात्री ठणकायला लागली, की घरचा उपाय संपला. उजव्या दाढेसाठी सहा महिने काय, आठवडाही थांबू नका, असं मी स्पष्ट सांगते. दुखणं मधेच बंद झालं तरी निर्धास्त होऊ नका. बरेचदा आतली नस मेलेली असते म्हणून ते थांबतं, आणि मग मुळाशी पू धरतो. हिरडीवर पुळी दिसली तर तीच खूण. गाल किंवा जबड्याखाली सूज, डोळ्याकडे चढणारी सूज, ताप, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. सुजलेल्या गालावर शेक देत बसू नका.

लवंगेचं तेल मात्र आजच कपाटात वर ठेवा. मोठ्या माणसाच्या दाढेत कापसाचा बोळा ठेवणं वेगळं. चार वर्षांच्या मुलीच्या हिरडीला ते भाजतं, आणि लहान मुलांनी एक-दोन चमचे गिळल्याने यकृताला गंभीर इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. गावाकडे दुखऱ्या दाढेवर मिश्री किंवा गुडाखू लावतात. तो सरळ तंबाखू आहे, मुलांच्या तोंडात बोटभरही नको. डॉक्टरांकडे जाईपर्यंत दुखायचं थांबवायला पॅरासिटामॉल आहे, ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी वजनावरून ठरवलेल्या मात्रेत द्या.

खोबरेल तेलाची चूळही सध्या नको. आपल्याकडे याला कवल म्हणतात आणि त्याचे नियम आयुर्वेदानेच घालून दिलेत. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला कवल देऊ नये असं सांगितलं आहे. कारण समजायला सोपं आहे, एवढं लेकरू तेल थुंकण्याऐवजी गिळतं, किंवा ठसका लागून ते श्वासात जातं. परंपरा मानायची तर तिचे वयाचे आणि मात्रेचे नियमही मानायला हवेत. ग्रुपवर नेमकं तेवढंच गाळलं जातं.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. समोरचे दुधाचे दात सहा ते आठ वर्षांच्या सुमाराला पडतील, म्हणजे त्यांची दोन ते चार वर्षंच उरलीत. दाढांचं तसं नाही. त्या नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान पडतात. म्हणजे किडलेली ही दाढ तुमच्या लेकीला अजून पाच ते आठ वर्षं लागणार आहे, चावायला आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवायला. ती अकाली काढली तर मागचा दात पुढे सरकतो आणि येणाऱ्याला जागा उरत नाही. शिवाय जेवायला बसली की एकाच बाजूने चावायचं, पोळी टाळायची, मऊ तेवढं खायचं, रात्रीची झोप मोडायची, हे आजचं आहे. या वयातलं वजन आणि झोप पडत्या दातांच्या हिशोबात मोजू नये.

आणि सासूबाईंना न्याय म्हणून हेही लिहिते. तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे, की त्या नातीला "काही खाल्लं की चूळ भर" म्हणून मागे लागतात आणि जेवणाच्या मधे खाऊ दिलेला त्यांना चालत नाही. ताई, तुमच्या घरातला सगळ्यात समग्र उपचार हाच आहे.

साखर एकूण किती खाल्ली याइतकंच ती दिवसातून किती वेळा खाल्ली, याला दातांच्या बाबतीत महत्त्व आहे. प्रत्येक गोड घासानंतर दाताजवळची आम्लता खाली यायला साधारण अर्धा तास लागतो. सकाळी चॉकलेट पावडरचं दूध, नऊला बिस्कीट, शाळेच्या डब्यात जॅम-पोळी, आल्यावर खजूर, चारला मध लावलेला टोस्ट, संध्याकाळी दुकानातून चॉकलेट, झोपताना पुन्हा दूध. असा दिवस गेला तर लाळेला दुरुस्तीचं काम करायला सवडच मिळत नाही. म्हणून मध आणि खजुराने तुमचा प्रश्न सुटला नाही. जिवाणूंना साखर कारखान्यातली की पोळ्यातली, हे कळत नाही. खजूर, मनुका, गुळाची चिक्की यांत पोषण आहे, पण ती दातांच्या फटीत चिकटून राहतात, म्हणून ती द्यायची तर जेवणाच्या ताटात द्या. चिप्स आणि टोस्टचा लगदाही तसाच चिकटतो, तो तिखट असला तरी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, शक्य तर ५ टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगितलं. मध आणि फळांचा रस त्यांनी याच साखरेत धरलाय. घरात मोजमाप कोण करत बसणार? त्यापेक्षा तीन जेवणं आणि दोन वेळचं छोटं खाणं ठरवा, मधल्या वेळात फक्त पाणी. खाणं म्हणजे मुगाचं धिरडं, पातोड्या, दही, पनीर, उकडलेलं अंडं घरात चालत असेल तर अंडं, काकडी. फुटाणे आणि शेंगदाणे कूट करून द्या, अख्खे या वयात श्वासनळीत अडकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तोंड कोरडं पडतं, म्हणजे लाळही कमी, आणि नेमकं तेव्हाच घरोघरी सरबताची बाटली मुलांच्या हातात असते. तहानेला पाणी आणि बिनसाखरेचं ताक. पन्हं जेवणाबरोबर एक पेला. संत्री आपलीच, ती जरूर खाऊ द्या, पण एका बैठकीत फोडी करून, तासभर चोखत नको, आणि रस नको. तान्हा पोळ्याला लाकडी नंदी घेऊन फिरून आलेली पिशवीही हिसकावून घेऊ नका. बोजारा, म्हणजे घरोघरी मिळालेली भेट, तिची, आणि गोड त्याच दिवशी जेवणानंतर मनसोक्त खाऊ द्या. आठवडाभर डब्यातून एकेक काढून चघळणं जास्त वाईट.

पोळी आणि डाळ मात्र आजपासून परत सुरू करा. धान्यात, डाळीत फायटिक अॅसिड असतं आणि ते जेवणातलं थोडं लोह, जस्त, कॅल्शियम बांधून ठेवतं, हे खरं. पण त्याने दाताला खड्डा पडत नाही. डाळ भिजवून शिजवली, पीठ आंबवलं, मोड आणले की ते बरंच कमी होतं, आणि आपल्या स्वयंपाकात हे नेहमीचंच आहे. शाकाहारी घरातल्या चार वर्षांच्या मुलीच्या ताटातून डाळ-पोळी काढली तर तिथे काय ठेवणार?

फ्लोराइडबद्दलची तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्याने दात डागाळतात आणि वर्षानुवर्षं ते पोटात गेलं तर हाडंही वाकतात. तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंय. पाण्यातलं फ्लोराइड काढायची तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत याच नागपुरातल्या नीरी या संस्थेने तयार केली, इतका हा प्रश्न आपल्या भागाला जवळचा आहे. पण जरा हिशोब मांडू. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लिटरभर रोज पोटात, हा तुमच्या गावाचा प्रश्न. १००० पीपीएमच्या, म्हणजे ग्रॅममागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका साधारण पाव ग्रॅमचा, त्यात फ्लोराइड पाव मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बरंच मूल थुंकतं. तेवढं फ्लोराइड दाताच्या पृष्ठभागावर राहून क्षार परत बसवायला मदत करतं. तुम्हाला दात दुरुस्त व्हायला हवेत ना? मग त्या दुरुस्तीचं सगळ्यात भरवशाचं साधन तुम्ही बाजूला ठेवलंय.

तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. ट्यूब तुमच्या हातात, मुलीच्या नाही. डब्यावरचा पीपीएमचा आकडा वाचून घ्या, लहान मुलांच्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड फार कमी असतं किंवा नसतंच. नागपूरचं नळाचं पाणी पेंच आणि कन्हानचं, म्हणजे नदी-धरणाचं, त्यात ही भीती फारशी नाही. तुमच्या लेआउटमध्ये प्यायलाही बोअरचंच पाणी असेल तर मात्र ते एकदा सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि तो आकडा दातांच्या डॉक्टरांना दाखवा. एवढं करूनही मन तयार झालं नाही, तर हायड्रॉक्सिअॅपेटाइट (दाताचं कवच ज्या क्षाराचं असतं तो) असलेल्या पेस्टबद्दल डॉक्टरांशी बोला. तिच्यावरचे सुरुवातीचे अभ्यास चांगले आहेत, पण फ्लोराइडइतका लांबचा अनुभव तिच्या मागे नाही.

आता दवाखान्याकडे. तुम्हाला सगळं किंवा काहीच नाही, असे दोनच रस्ते दिसतायत, म्हणून भीती वाढलीय. मधे बरंच काही आहे. तुमचे डॉक्टर जर बालदंतरोगतज्ज्ञ नसतील तर अशा तज्ज्ञांचं मत एकदा घ्या. मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तिथला खर्च खासगीच्या मानाने फार कमी. हिंगणा भागातल्या खासगी दंत महाविद्यालयांतही ही सोय मिळते. गर्दी असते, सकाळी लवकर जा. एक्स-रे काढायला सांगा आणि एकेका दाताबद्दल विचारा: हा किती खोल आहे, याला आजच हात लावायला हवा का, कोणता तीन महिने पाहता येईल.

समोरच्या दातांसाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडबद्दल विचारा. छोट्या ब्रशने किडलेल्या भागावर औषध लावायचं, मिनिटभराचं काम, सुई नाही, ड्रिल नाही. कीड थांबते, फक्त किडलेला भाग कायमचा काळा पडतो. फोटोत ते दिसणार, शेजारच्या काकू विचारणार, त्याची तयारी ठेवा. थांबलेली कीड काळीच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. नस दुखावलेल्या किंवा पू झालेल्या दाताला ते चालत नाही, आणि बरेचदा सहा महिन्यांनी परत लावावं लागतं.

डाव्या दाढेत अजून दुखणं नसेल आणि एक्स-रेत नस सुरक्षित दिसली, तर हॉल पद्धत आहे. दाढ न कोरता, भूल न देता तयार स्टीलची टोपी सिमेंट लावून बसवतात. आत कोंडलेल्या जिवाणूंना साखर मिळत नाही आणि कीड थंडावते. पहिले एक-दोन दिवस चावताना उंच लागतं, मग बसतं. दुखऱ्या उजव्या दाढेला मात्र नसेचा उपचार किंवा दाढ काढून जागा राखणारी तार, यातलं एक करावंच लागेल असं वर्णनावरून वाटतं.

दातागणिक अशी कामं वेगळी केली तर कदाचित पूर्ण भुलेची गरजच उरणार नाही. उरली, तरी ती राक्षस नाही. प्रशिक्षित भूलतज्ज्ञ, मुलांवर शस्त्रक्रिया होणारं रुग्णालय, आधीच्या तपासण्या आणि उपाशीपोटी नेण्याचे नियम पाळले, तर एकदाची थोड्या वेळाची भूल सहसा सुखरूप पार पडते. साध्या खुर्चीच्या दवाखान्यात, भूलतज्ज्ञ नसताना खोल गुंगी देणार असतील तर मात्र नाही म्हणा. आणि चौघांनी धरून, किंचाळणाऱ्या लेकराच्या तोंडात एकामागून एक काम करणं, हे स्वस्त पडलं तरी मला मान्य नाही. ती भीती पुढे वीस वर्षं दातांच्या दवाखान्याचा दरवाजा बंद ठेवते.

नवऱ्याशी खर्चाचं बोलताना तीन ठिकाणांचे आकडे आणि वरचे पर्याय समोर ठेवून बोला. आज दुरुस्तीचा खर्च वाचवायचा म्हणून छपराची गळती पाहत राहणं कोणत्याच घराला परवडत नाही, हे त्यांनाही पटेल.

घरी रात्रीचं ब्रशिंग तुम्ही करा, तिने स्वतः केलं तरी त्यानंतर. मुलांचा हात सात-आठ वर्षांपर्यंत नीट फिरत नाही. जमिनीवर बसा, तिचं डोकं मांडीवर, दोघींची तोंडं एकाच दिशेला. डाव्या हाताच्या बोटाने वरचा ओठ उचला, म्हणजे हिरडीची कड उघडी पडते, कीड नेमकी तिथेच सुरू होते. ब्रश तिथे छोट्या गोलात, मग दाढांच्या खाचांत. दोन मिनिटं, मोबाइलऐवजी एखादं गाणं. नंतर फेस थुंकायचा, पण खळखळून चूळ नाही. सासूबाईंना हे एवढं वेगळं सांगा, रात्री पेस्टनंतरची चूळ तेवढी सोडून. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही, दूध आधी. आणि घरातल्या मोठ्यांनीही आपले किडके दात दाखवून घ्या. चाखून, फुंकून त्याच चमच्याने भरवताना आपले जिवाणू मुलांच्या तोंडात जातात.

ओठ उचलून पाहायची सवय दर महिन्याला ठेवा, आणि ज्यांची बाळं अजून वर्ष-दोन वर्षांची आहेत त्यांनीही आजपासून ठेवा. पांढरी रेघ दिसली तर तुम्ही वेळेत आहात. तपकिरी डाग कडक, चमकदार होतोय का मऊ राहतोय, तेही दिसेल. तीन महिन्यांनी डॉक्टरांना परत दाखवा. खड्डे वाढले नसतील तर घरचं काम चालू आहे. वाढले असतील तर उरलेल्या दातांचाही उपचार मनात किंतु न ठेवता करून घ्या.

साधारण सहाव्या वर्षी, सगळ्यात मागच्या दुधाच्या दाढेच्याही मागे, एक मोठी दाढ येईल. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून बहुतेक घरांत ती दुधाचीच समजतात. ती पक्की आहे, आयुष्यभराची. वर आली की तिच्या खाचांत सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप, भरून घ्या, शासकीय दंत महाविद्यालयात त्याची आत्ताच चौकशी करून ठेवा.